काचेतले बुडबुडे

आमच्या ह्यांनी हिशोब मांडला होता की गॅस आपल्याला जन्मभर पुरेल. गॅसने काही कुचराई केली नाही. आम्हीच जास्त जगलो.

ह्यांचं गाड्यांच्या एसीचं दुकान होतं. कोपऱ्यावरचं, लोखंडी शटरचं, आत कशीबशी एक गाडी मावेल एवढं. जुन्या गाड्यांत जो गॅस भरायचे तो आभाळाला अपायकारक म्हणून हळूहळू सगळीकडे बंद झाला आणि त्याच्या जागी नवा आला. त्याच सुमारास ह्यांनी शटर ओढलं ते कायमचं. वय झालं म्हणून दुकान बंद केलं असं लोक म्हणायचे. वय झालं नव्हतं. नव्या गॅसचं नाव काढलं की हे तोंड वाकडं करायचे. "दुधाची तहान ज्यांना ताकावर भागवायची असेल त्यांनी भागवावी," म्हणायचे. दुकानात उरलेले जुन्या गॅसचे डबे त्यांनी पोत्यात घातले आणि घरी आणून आमच्या पलंगाखाली ठेवले. झाडताना झाडूचा दांडा त्यांच्यावर आपटला की टण्ण आवाज यायचा आणि दुसऱ्या खोलीतून हे ओरडायचे, "हळू गं!" मी पडले असते तरी हे एवढ्या घाईने ओरडले नसते.

आम्हाला मूलबाळ नाही. गाडी आहे, आणि वन्सं आहेत.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. मी या घरात आले तेव्हा ती फ्रॉकमधून नुकती बाहेर पडली होती, पण सासूबाईंनी सांगितलं, नणंद ती नणंद, अहोजाहो करायचं. ते आजतागायत चालू आहे. लहानपणी त्यांचा उजवा गुडघा आतून सडला होता. पाय वाचवायला डॉक्टरांनी हाडाला हाड जोडून टाकलं. पाय वाचला, पण वाकायचा थांबला. काठीसारखा सरळ पाय घेऊन त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला, टेबलाखाली तो लांब सोडून, कानाला हेडफोन लावून. लग्नाचं विचारलं की म्हणायच्या, "करणार होते, पाय आडवा आला." विचारणारा गप्प व्हायचा आणि वन्सं स्वतःच मोठ्याने हसायच्या.

गाडीचं असं की त्या बसू शकतील अशी तेवढी एकच. पुढची सीट रुळावरून पार मागे सरकते आणि समोर एवढी जागा होते की पाय सरळ ठेवून निवांत बसता येतं. आताच्या गाड्यांत गुडघा डॅशबोर्डला अडतो. मागच्या सीटवर आडवं बसवून नेऊन बघितलं, तर त्यांना मळमळायला लागतं. म्हणून ती गाडी आम्ही विकली नाही. रंग उडाला, दाराची रबरं गेली, काचा हाताने ओढून वर घ्याव्या लागतात, तरी विकली नाही.

या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी वन्संच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, या वयात रेडिएशन देऊ. रविवार सोडून रोज यायचं, काही आठवडे, आणि मुख्य म्हणजे मध्ये खाडे पाडायचे नाहीत. खाडा पडला की गाठीला उसंत मिळते, असं त्यांनी दोनदा सांगितलं. हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि आम्हाला मिळालेली वेळ ऐन दुपारची.

गाडी मी चालवते. ह्यांना काचबिंदू आहे. समोरचं अगदी स्वच्छ दिसतं, बाजूचं काही दिसत नाही. त्यामुळे हे मागच्या सीटवर बसतात आणि तिथूनच ब्रेक दाबतात. त्यांच्या पायाचा दणका माझ्या पाठीत बसतो.

पहिल्या आठवड्यातच एसी गेला. शेवटचा डबा ह्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर भरला होता. पण पाइपांना बारीक चिरा पडलेल्या, त्यामुळे पंधरवडाभरात सगळा गॅस उडून गेला. परतीच्या वाटेवर मोठ्या सिग्नलला आम्ही अडकलो होतो. टपाचा पत्रा तापलेला, आत भट्टी. वन्संना उलटी झाली. पिशवी काढेपर्यंत पदरावर, सीटवर, सगळीकडे. शेजारी स्कूटरवर एक बाई होती, तिच्या मागे बसलेली मुलगी मान वळवून टक लावून बघत राहिली. सिग्नल सुटेपर्यंत बघत राहिली.

घरी येऊन मी त्यांना पुसलं, कपडे बदलले. त्या पलंगावर पडल्या आणि छताकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, तिकडे आतून शेकायचं आणि गाडीत बाहेरून. मला दोन्हीकडून भाजून घ्यायचं नाही."

"ॲम्ब्युलन्स बोलवू का?"

"ॲम्ब्युलन्समधून आडवी जायला मी मेलेय का अजून?"

"तसं नव्हे हो, त्यात थंड असतं."

"शवागारात पण असतं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "दादाला सांगा. एसी चालला तर येईन. नाही चालला तर राहिलं. मी काही तक्रार करणार नाही, पण येणार पण नाही."

त्या बोलतात त्यातलं निम्मं थट्टेवारी असतं. हे नव्हतं. एवढ्या वर्षांत मला तेवढं कळतं.

ह्यांना सांगितलं. हे पलंगाखाली वाकले, रिकामं पोतं ओढून काढलं, झटकलं, परत आत सरकवलं. मग आरामखुर्चीत बसून जुन्या ओळखीच्या माणसांना फोन लावायला घेतले, कुणाकडे एखादा डबा उरलाय का म्हणून. एकाकडे सून फोनवर आली, सासरे गेले म्हणाली. दुसऱ्याकडे मुलगा, तोही तेच. तिसरा माणूस स्वतः आला फोनवर, पण त्याला हे कोण ते आठवेना. "अहो मी, एसीवाला," हे ओरडत होते. पलीकडून तो म्हणत होता, "एसी चालू आहे आमचा, नको." हसू आलं मला, पण हसले नाही.

फोन खाली ठेवून ह्यांनी डोळे चोळले. "चल," म्हणाले, "नवा घालून घेऊ."

मागच्या गल्लीत एकाचं एसीचं गॅरेज आहे. सगळे त्याला थंडोबा म्हणतात, धंद्यावरून नव्हे, स्वभावावरून. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, कुठल्याच कामाला घाई नाही. गाडी बघून त्याने सगळ्यात आधी तिच्या बॉनेटवर हात फिरवला.

"काका, ही अजून आहे?"

"आम्ही पण अजून आहोत," मी म्हटलं.

"ते दिसतंय काकू. पण तुमचे पार्ट मिळत नाहीत, हिचे मिळतात." वन्संसाठी त्याने खुर्ची आणली, पाय ठेवायला एक टायर आडवा टाकला आणि पंखा त्यांच्याकडे वळवला. हे मात्र बसेनात. बॉनेटपाशी हात मागे बांधून उभे.

"काका, बसा ना. असे डोक्यावर उभे राहू नका. मी शाळेत पण मास्तर शेजारी उभा राहिला की नापास व्हायचो."

"नुसता गॅस बदलायचा ना?"

"नुसता नाही हो. नुसता बदलला तर महिन्यात कॉम्प्रेसर जाम." थंडोबाने बोटांवर मोजत समजावलं. जुना उरलासुरला गॅस मशीनने ओढून घ्यायचा. कॉम्प्रेसरमधलं तेल काढून टाकायचं, कारण जुनं तेल नव्या गॅसमध्ये विरघळत नाही, नुसतं पाइपात साचून बसतं. सगळे पाइप आतून धुवायचे, चिरलेले बदलायचे, सांध्यातली रबरी वळी काढून नवी हिरवी बसवायची. पाणी शोषून घेणारी ड्रायरची बाटली नवी. "जुन्या तेलाचं नि नव्या गॅसचं पटतच नाही काकू. सासू-सुनेसारखं."

"माझं सासूशी पटायचं."

"मग तुमच्या सासूबाई नव्या तेलाच्या असणार."

वन्सं टायरवरून पाय न हलवता हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या.

कामाला दोन दिवस लागले. ते दोन दिवस रविवार आणि त्याला जोडून आलेल्या सुट्टीचे होते म्हणून खाडा पडला नाही. हे सकाळी जाऊन गॅरेजमध्ये बसायचे ते जेवायलाच परत यायचे. काय झालं विचारलं तर एकेक वाक्य बोलायचे. "तोंडं बदलली." म्हणजे गॅस भरायची तोंडं. जुन्या गॅसचा पाइप आता त्या तोंडांना बसतच नाही, चुकून दोन्ही गॅस मिसळू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "माझे गेज आता भिंतीवर लावायचे." गेज म्हणजे दाब दाखवणारी दोन घड्याळं, एक निळं, एक लाल. ह्यांनी ती दुकानातून आणलेली, तेल पुसून कपाटात ठेवलेली.

गाडी घ्यायला आम्ही दोघं गेलो. थंडोबाने आतली सगळी हवा खेचून काढली होती आणि सुई तासभर हलली नाही ते ह्यांना दाखवलं होतं. मग गॅसचा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भरायला घेतलं. बॉनेटच्या आत कंपनीची पत्र्याची पट्टी आहे, गॅस किती ते तिच्यावर कोरलेलं. थंडोबाने तो आकडा गाठायच्या आधीच नळ बंद केला.

"अहो, राहिला की अजून," हे म्हणाले.

"नव्याला एवढाच लागतो काका. जुन्यापेक्षा कमी."

"अर्धपोटी?"

"अर्धपोटी नाही, चार घास कमी. आणि ऐका, काचेत बुडबुडे दिसतील. दिसू द्या. हा काचेवर भरायचा गॅस नाही, काट्यावर भरायचा."

"हं," हे म्हणाले.

त्या काचेचं सांगायला हवं. गॅसच्या पाइपात नखाएवढी गोल काच बसवलेली असते. जुना गॅस कमी असला की त्यातून बुडबुडे धावताना दिसायचे, पुरेसा भरला की बुडबुडे नाहीसे होऊन काच पाण्यासारखी नितळ व्हायची. दुकानात हे गेजकडे बघायचेच नाहीत फारसे. काच बघायचे. त्यांना मदतनीस नव्हता. दुपारचा डबा घेऊन मी गेले की मला स्टिअरिंगपुढे बसवायचे आणि सांगायचे, "रेस धर." मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून इंजिन एकसारखं घुमत ठेवायचे. बॉनेटच्या फटीतून मला ह्यांचं फक्त कपाळ दिसायचं. काच नितळ झाली की हात वर. माझं लग्न झालं तेव्हा मला सायकलसुद्धा येत नव्हती, आणि हा हात वर गेला की काहीतरी बरोबर झालं एवढं मात्र मला सगळ्यात आधी कळायला लागलं.

पहिले काही दिवस सगळं ठीक गेलं. गाडी धावत असली की छान गार हवा यायची. सिग्नलला थांबली की थोडी कोमट व्हायची, पुन्हा निघाली की गार. वन्सं जाताना जाग्या असायच्या, येताना झोपायच्या. तोंड उघडं टाकून, पाय सरळ सोडून. त्यांच्या झोपेची मला एवढी सवय झाली की खड्डा आला की मी श्वास धरून गाडी काढायचे.

ह्यांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. संध्याकाळी गाडीचं बॉनेट उघडून उभे राहायचे. मी बाल्कनीतून बघायचे. एकदा वर येऊन म्हणाले, "उकळतंय आत नुसतं. उपाशी आहे बिचारं."

"थंडोबा म्हणाला ना, दिसू द्या."

"थंडोबा म्हणतो. आज सिग्नलला ती मानेचा घाम पुसत होती, बघितलंस का?"

बघितलं होतं.

दोन दिवसांनी हे स्पेअरपार्टच्या दुकानातून नव्या गॅसचे छोटे डबे घेऊन आले, आणि नव्या तोंडाला बसणारा एक पाइप. संध्याकाळ होती. मी वाटाणे सोलत होते. खालून हाक आली, "अगं, ये जरा. रेस धर."

मी खाली गेले. "अहो, त्याने सांगितलंय—"

"त्याचं वय काय, माझं काय? मी काचा वाचण्यात जन्म घालवला."

वाद घालता आला असता. पण वाद घालायला जी ताकद लागते ती त्या दिवसांत मी हॉस्पिटलला जाण्यायेण्यासाठी राखून ठेवत होते. आणि खरं सांगायचं तर ह्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला, पुष्कळ वर्षांमागचा. मी बसले. रेस धरली. बॉनेटच्या फटीतून कपाळ दिसत होतं, आता त्यावर केस नव्हते. एक डबा संपला, दुसरा लावला. हवा बर्फासारखी झाली, माझ्या बोटांना थंडी वाजायला लागली. आणि हात वर गेला.

वर आल्यावर ह्यांनी साबणाने हात धुतले, दोनदा धुतले, आणि बहिणीच्या खोलीत डोकावून म्हणाले, "उद्या शाल घेऊन ये."

वन्संनी खरंच शाल घेतली. निघाल्यावर गुंडाळूनही बसल्या. "दादा, हे बरं आहे," म्हणाल्या. मागून ह्यांचा आवाज नाही आला, पण आरशात बघितलं तर खिडकीबाहेर बघत होते, खूश असले की बघतात तसे.

मोठ्या सिग्नलला गाडी थांबली. ऊन टळटळीत. पुढे ट्रक, मागे बस. आधी इंजिनाचा आवाज जड झाला, जिना चढणाऱ्या माणसासारखा. मग पुढून फाडकन आवाज झाला आणि बॉनेटच्या फटींतून पांढरा धूर सुसाट बाहेर आला.

"आग!" वन्सं ओरडल्या. दार उघडायला गेल्या, पण पाय सरळ, तो बाहेर काढायला आधी सगळं अंग वळवावं लागतं. त्या वळू लागल्या, शाल दाराच्या मुठीत अडकली.

"आग नाही, आग नाही!" हे मागून त्यांचा खांदा धरून सांगत होते. "गॅस आहे. दाब वाढला. व्हॉल्व्ह उडाला. काही होत नाही. सगळा गेला, बस्स."

धूर विरला. एसीच्या झरोक्यातून गरम हवा यायला लागली. मागच्या बसने हॉर्न धरला. मी गाडी पुढे काढली. काचा खाली करायला हव्या होत्या, पण त्या हाताने ओढाव्या लागतात, एका हाताने मी माझी केली, वन्सं त्यांची करू शकल्या नाहीत. त्या दोन्ही हातांनी अडकलेली शाल सोडवत होत्या.

त्या दिवशी रेडिएशन झालं. येताना उलटी झाली. पिशवी या वेळी मी तयार ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी साडी नेसून त्यांच्या खोलीत गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"वन्सं, चला."

"नाही."

"आजच्या दिवस टॅक्सी—"

"वहिनी, मी सांगितलं होतं."

सांगितलं होतं, हे खरंच. हॉस्पिटलमधून फोन आला. मी सांगितलं, बरं नाही. पलीकडची मुलगी म्हणाली, उद्या नक्की आणा, मध्ये सोडू नका. त्याच्याही दुसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत. जेवत होत्या, थोडंसं वाचत होत्या, काही दुखत नाही म्हणत होत्या. खाडे पडायला लागले होते, एवढंच.

मी गाडी घेऊन थंडोबाकडे गेले. हे बरोबर आले आणि या वेळी सांगायच्या आधीच स्टुलावर बसले. थंडोबाने बॉनेट उघडलं, व्हॉल्व्हभोवतीचं तेल बोटावर घेतलं, वास घेतला, ह्यांच्याकडे बघितलं.

"काच नितळ केलीत ना काका?"

ह्यांनी स्टूल जरा मागे सरकवलं.

"अहो, मी पण केलीय. नवीन नवीन होतं तेव्हा तीन गाड्या अशाच उडवल्या. एक तर मालक आत बसलेला असताना. संध्याकाळी झकास चालतं हे, दुपारच्या उन्हात मान टाकतं." तो कपड्याला बोट पुसत म्हणाला, "ह्या गॅसचं तसंच असतं. पोट भरलेलं असलं तरी बुडबुडे असतात. आपल्याला वाटतं भूक आहे."

त्याने व्हॉल्व्ह बदलला, कॉम्प्रेसर वाचला होता म्हणून दोनदा त्यावर थाप मारली, पुन्हा हवा खेचली, पुन्हा काट्यावर सिलिंडर ठेवला. इंजिन चालू होतं. हे उठून काचेपाशी गेले. आत बुडबुडे धावत होते, दुधाळ, असंख्य. थंडोबाने नळ बंद केला. ह्यांचा हात अर्धवट उचलला गेला आणि तसाच खाली आला. मग त्यांनी स्वतःच बॉनेट लावलं.

गाडी दुरुस्त झाली, पण त्याने काय होणार होतं? वन्संनी विचारलंसुद्धा नाही की दुरुस्त झाली का.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. हे बहिणीच्या खोलीत गेले आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ह्यांचा आवाज, "मी चुकलो."

माझ्या हातातली सुरी थांबली. हा शब्द या घरात मी प्रथमच ऐकत होते. दुधात मीठ पडलं तरी ह्यांच्या मते मिठाच्या बरणीची जागा चुकलेली असते.

"काय चुकलास?" वन्संनी विचारलं.

ह्यांनी सांगितलं. काच, बुडबुडे, काटा, थंडोबाने सांगितलेलं, न ऐकलेलं. अगदी सावकाश, दुकानात गिऱ्हाइकाला समजवायचे तसं. वन्संना त्यातलं काही कळत असेल असं मला वाटलं नाही, पण त्या मध्ये बोलल्या नाहीत. टेलिफोनवर त्यांनी तीस-पस्तीस वर्षं लोकांचं ऐकूनच घेतलं होतं.

"म्हणजे बुडबुडे दिसतात तेच बरोबर?"

"हो."

"आणि तुला ते बघवत नाहीत."

"नाही बघवत गं. अजून नाही बघवत. आत्ता गॅरेजात पण असं वाटत होतं की थोडासा, अगदी थोडासा घालावा."

"मग बघू नकोस ना. मी त्या यंत्राखाली रोज डोळे मिटूनच पडते. ते लोक म्हणतात, आत गाठ जळतेय. दिसतं का काही? नुसतं घूं घूं वाजतं. बरोबर चाललंय की चुकीचं, मला काय कळतं? पडून राहते."

"ते डॉक्टर आहेत."

"आणि तुझा तो थंडोबा?"

खुर्ची करकरली. मग वन्संचा आवाज, आधीपेक्षा बारीक. "दादा, मला उलटीची लाज नाही वाटत. त्या दिवशी दार उघडेना ना, तेव्हा मी इतकी घाबरले की तुम्हा दोघांना गाडीत सोडून पळायला निघाले होते. या पायाने. कुठे पळणार होते देव जाणे."

"मला कळलं ते."

"कळलं होय?"

"मी मागेच होतो की."

मग दोघंही हसले का काय ते मला नीट कळलं नाही. नाक ओढल्यासारखे आवाज आले. मी नळ सोडला, उगीचच, त्यांना वाटायला नको की मी ऐकतेय.

दुसऱ्या दिवशी वन्सं स्वतःहून तयार होऊन बसल्या होत्या. काठी टेकत खाली आल्या. गाडीत बसायच्या आधी म्हणाल्या, "उघड ते. बघू दे."

ह्यांनी बॉनेट उघडलं. मी इंजिन चालू केलं, एसी लावला. वन्सं गाडीला टेकल्या, पाय एका बाजूला सरळ काढून वाकल्या. त्यांचे चष्मे दोन असतात, एक वाचायचा आणि एक लांबचा, त्यांनी दोन्ही लावून बघितले.

"ही एवढीशी?"

"एवढीशीच."

"आणि याच्यासाठी तू आम्हाला उडवायला निघाला होतास." त्या बघत राहिल्या. "बरेच आहेत की रे."

"आहेत," हे म्हणाले.

"असू देत. लाव ते झाकण, उशीर होतोय. काल-परवाचे पण खाडे आहेत, ती मुलगी ओरडणार आहे."

ओरडली नाही ती. आणि वाटेतही काही झालं नाही. मोठ्या सिग्नलला गाडी थांबली आणि झरोक्यातली हवा हळूहळू कोमट झाली. माझी पाठ घामाने ओली होती, पायाला गोळा आला होता, आणि अजून कितीतरी दिवस हेच करायचं आहे हे मला ठाऊक होतं. आरशात ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलेलं दिसलं.

"दादा, गप्प," वन्सं डोळे न उघडता म्हणाल्या.

ह्यांनी तोंड मिटलं. सिग्नल सुटला. मी पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, आणि गाडीने वेग घेतल्यावर हवा पुन्हा गार व्हायला लागली, तोवर वन्संना झोप लागली होती. जाताना त्या कधी झोपत नसत.